चोवीस इंचांचं पातं

२२ जून २०२५, रविवार

पुतण्या सत्यमचा नांदेडहून फोन आला. सांगायचं होतं एक वाक्य, पण त्याआधी तो पावसावर बोलला, सोयाबीनच्या बियाण्यावर बोलला, मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. माझे गुडघे ठीक आहेत. दुखतात ते त्याच्या सासूचे. पोरगं घाबरलं की असं गोल गोल फिरतं, लहानपणापासून.

शेवटी म्हणाला, "काकू, आई म्हणून राहिली, मधली मेंदी काढून भिंत घालू."

मी विचारलं, का.

"साप निघाला म्हणे. धामण. माणसाएवढी लांब. तिला आता एकटीला भीती वाटती."

धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, घराजवळ असलेली चांगली, हे मी त्याला सांगितलं. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं माझं. तो "हाव काकू, हाव काकू" करत राहिला आणि पुढे म्हणाला की गवंडी ठरला आहे. नागपंचमी होईपर्यंत जमीन खांदायची नाही, ती झाली की दुसऱ्या दिवशी पाया.

सासऱ्यांनी औसा रोडचा हा प्लॉट घेतला तेव्हा दोघा भावांची दोन घरं शेजारी बांधली आणि मध्ये भिंत घालायची नाही म्हणून बजावलं. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, मेंदी लावली. फाटकापासून मागच्या मोरीपर्यंत. तीस वर्षं दर पंधरवड्याला दोघे भाऊ एक इकडून, एक तिकडून कातर घेऊन उभे राहायचे. मध्ये दोरी बांधलेली. कापणं कमी, बोलणं जास्त. गेल्या वर्षी मार्चमध्ये दादा गेले. तेव्हापासून मेंदीला कुणी हात लावलेला नाही. आज ती माझ्या डोक्याच्या वर हातभर आहे. पलीकडचं घर दिसत नाही. जाऊबाई दिसत नाहीत.

मी सत्यमला म्हणाले, "पंचमीपर्यंत मला मुदत दे. तोवर मेंदी पहिल्यासारखी करून दाखवते. नाही झाली तर खुशाल भिंत घाला, मी फाटकात उभी राहून गवंड्याला चहा देईन."

"आईला विचारून सांगतो."

थोड्या वेळाने फोन आला. आई हाव म्हणली.

यांना सांगितलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं नाही, मान वर केली नाही. "बघ," म्हणाले.

२४ जून, मंगळवार

माणूस मिळत नाही. पेरणी चालू आहे, जो तो शेतात. एकजण आला, कोयता घेऊन. त्याने दोन फांद्या अशा तोडल्या की झाड दुखावलं असेल. चहा पाजून परत पाठवला. एकदा कापून भागणारही नाही. पावसाळ्यात मेंदी तीन आठवड्यांत पुन्हा वर येते. दर वेळी कुणाच्या पाया पडायचं?

यांना विचारलं, थोडं थोडं जमेल का. खांदा दुखतो म्हणाले. दीड वर्ष दुखतो आहे. एक्स-रे काढला, त्यात काही नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मालीश सांगितली, हात भिंतीवर चढवायचा व्यायाम सांगितला. हे व्यायाम करत नाहीत. पाण्याची भरलेली बादली उचलतात, त्याला काही होत नाही. कातर म्हटली की खांदा. मी हे डॉक्टरांना सांगितलं तर ते नुसते हसले. अठ्ठावीस वर्षं दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली मी. कारण सापडत नाही म्हणून हसून वेळ मारून नेली असती तर दुसऱ्या दिवशी टँकर परत आला असता.

मशीन घ्यायचं. ठरलं.

२७ जून, शुक्रवार

गंजगोलाईच्या मागे शेती अवजारांच्या दुकानात गेले. मालक बसवराज म्हणून आहेत, पन्नाशीचे, कपाळाला विभूती.

"काय पाहिजे आई?"

"मेंदीचं कुंपण छाटायचं मशीन."

त्यांनी गवत कापायचं मशीन पुढे केलं. मी म्हणाले, हे गवताचं आहे, मी मेंदी म्हणाले.

"चालवणार कोन?"

"मी."

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "साहेब येनार हायेत का?"

"साहेबांचा खांदा दुखतो. तुम्ही मला दाखवा."

मग त्यांनी माळ्यावरून धूळ खात पडलेलं एक खोकं काढलं. कुठल्याशा कॉलेजने बागेसाठी मागवलं आणि नेलं नाही. पेट्रोलवर चालतं. तीस इंच लांब पातं, दात एकाच बाजूला. मी विजेवरच्याची चौकशी केली. ते म्हणाले, "घ्या ना. लाईट आली की कापायचं, गेली की बसायचं. आन् पहिल्याच दिवशी वायर कापून ठेवताल." हे खरं आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज असणं ही बातमी असते. बॅटरीचंही असतं, पण बॅटरी बसली की ती हैदराबादहून मागवायची. तेही गेलं.

म्हणजे पेट्रोल. इथपर्यंत मला शंका नाही. पेट्रोल कोपऱ्यावर मिळतं आणि असलं इंजिन उघडणारा मिस्त्री प्रत्येक गल्लीत आहे.

शंका पात्याची आहे. दुसरा प्रकार चोवीस इंचांचा, दोन्ही बाजूंना दात, वजनाने हलका. तो इथे नाही, नांदेडच्या त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानात आहे.

"तुमच्या हिशोबानं चोवीसवालं बरं," बसवराज म्हणाले. "पन एक हाय. मेंदी किती जाड हाय?"

"साडेतीन फूट."

"मग तीसवाल्यानं इकडून उभं राहून सगळं डोकं कापता येतंय. चोवीसवालं मधल्यापर्यंतच जातंय. उरलेलं पलीकडून कापावं लागतंय. पलीकडं जाता येतंय का?"

मी म्हणाले, विचार करून सांगते. "येतंय" म्हणायला काय हरकत होती, कळत नाही. फाटक आहे, रस्ता आहे.

३० जून, सोमवार

तीस इंची घ्यायचं असं मनाशी ठरवलं. कुणाच्या अंगणात जाऊन उभं राहायला नको. आपलं काम आपल्या बाजूने पुरं.

फक्त पेललं पाहिजे. परीक्षा घेतली. हातात सहा किलो तूरडाळीची पिशवी, तिच्यातून पुढे काढलेली झाडूची काठी, काठीच्या टोकाला किलोभर साखर. अंगणात उभी राहून छातीच्या उंचीवर धरली. मशीन म्हणजे हेच, फक्त आवाज नाही.

हे ओट्यावर बसून पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "डाळ कुणाला वाढायची आहे?"

मी पिशवी खाली ठेवली. दम लागला होता.

४ जुलै, शुक्रवार

पुनमचा पुण्याहून फोन. आई, वय काय तुझं, यूट्यूबवर बघ बोटं कशी तुटतात. मी म्हणाले, ज्यांची तुटतात ते दोन हात दोन मुठींवर ठेवत नाहीत. ती म्हणाली, भिंत घालू देत ना, एवढं काय. मी म्हणाले, तुला रिक्षा करून शाळेत सोडायला सवड नव्हती तेव्हा तुझी मोठी आई मेंदीवरून तुला उचलून घ्यायची. ते मला चालायचं, कारण वेळ वाचायचा.

तिने विषय सोडला. मग म्हणाली, गॉगल घाल.

१० जुलै, गुरुवार

रोज डाळ धरते आहे. हातात जवळ धरली तर जमतं. पुढे वाकून, काठी मेंदीच्या पलीकडच्या कडेपर्यंत नेली की टोक खाली येतं. आज साखरेची पिशवी मेंदीत पडली आणि फुटली. आता मुंग्या.

वजन कमी करायचं नाही, काठी कमी करायची, एवढं गणित आहे. वजन तेच असलं तरी जितकं पुढे तितकं जड. हे मी बी.एस्सी.ला शिकले होते, त्यासाठी किलोभर साखर वाया घालवायची गरज नव्हती.

म्हणजे चोवीस इंची. म्हणजे अर्धी मेंदी पलीकडून.

जाऊबाईंशी माझं भांडण नाही. हे लिहून ठेवते, कारण पुनमला वाटतं की आहे. दादांच्या वर्षश्राद्धाला मी दिवसभर तिथे राबले. पण त्यानंतर त्या बोलावत नाहीत आणि मी न बोलावता जाणारी नाही. पूर्वी बोलावण्याचा प्रश्न नव्हता. मेंदीवरून वाटी पुढे यायची, वाटीमागे हात असायचा.

२३ जुलै, बुधवार

पावसाने झोडपलं म्हणून इतके दिवस जाता आलं नाही. आज पहाटेच्या एसटीने नांदेडला गेले. बसवराजांच्या मेव्हण्याने मशीन चालू करून दाखवलं. पंप दाबायचा, चोक ओढायचा, दोरी खेचायची. त्याने खेचली, चालू झालं. मी म्हणाले, बंद करा, मी करते. तिसऱ्या खेचण्याला सुरू झालं. दुकानातले दोघेतिघे बघत होते, ते आपापल्या कामाला लागले.

पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली टू-टी ऑइल. "अंदाजानं टाकलं तरी चालतंय," मेव्हणे म्हणाले. अंदाजाने मी काहीही टाकत नाही. घरी काचेचं मापपात्र आहे.

सत्यम दुकानात आला. मी कळवलं नव्हतं, यांनी फोन केला असावा. हे सहसा स्वतःहून फोन करत नाहीत. सत्यमने खोकं मोटारसायकलवर पुढे घेतलं, मी मागे. बसस्थानकावर चहा पाजला.

"काकू, मलाच कुठं भिंतीची हौस हाय," तो म्हणाला. "नांदेडात दिवसभर भिंतीच बांधून राहिलो. पन आई ऐकत न्हाई. म्हणती, मेंदी त्येंनीच वाढू दिली, आता भिंतीनं काय फरक पडतो."

"कुणी वाढू दिली?"

"काका. आई म्हणती, बाबा गेल्यापासून काका तिकडं बघत बी न्हाईत."

"त्यांचा खांदा दुखतो."

"मी सांगितलं तिला," सत्यम म्हणाला आणि ग्लासात बघत राहिला. हेही त्याचं लहानपणापासूनचं.

कंडक्टरने खोकं अडवलं. "मावशी, यात पेट्रोल हाय का?"

"कोरडं आहे. झाकण उघडून वास घ्या."

त्याने खरंच घेतला. मग म्हणाला, "ह्यानं काय करतेत?"

"भिंत पाडते."

अजून बांधलेली नाही हे त्याला सांगत बसले नाही. मला हसू का आलं ते कळलं नाही. पुढच्या गावापर्यंत येत होतं.

२७ जुलै, रविवार

पाऊस थांबला. पुनमची जुनी ट्रॅक पँट, यांचा लांब बाह्यांचा शर्ट, प्रयोगशाळेतला चष्मा, कानात कापूस. हे म्हणाले, "एसटी वर्कशॉपला भरती निघाली का?" वर्कशॉप म्हणजे दादांची नोकरी. म्हणाले आणि लगेच आत गेले. दारातून बघतात की काय म्हणून पाहिलं, तर मागच्या खोलीची खिडकीही लावून घेतलेली. आवाज सहन होत नसेल.

पहिले दोन तास उत्तम गेले. पातं लोण्यातून जावं तसं गेलं. माझ्या बाजूची उभी कड सरळ झाली. मग वरून कापत खाली यायचं ठरवलं आणि छातीच्या उंचीवर आले तसं पातं अडकलं. बंद करून पाहिलं. खालचे दांडे अंगठ्यापेक्षा जाड. मशीनच्या दातात बोटाएवढंच बसतं, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे आणि मी ते वाचलं होतं. पण जाडी मोजली ती माझ्या डोळ्यांसमोरच्या फांद्यांची. जिथे कापायचं होतं तिथली मोजलीच नाही. टँकर न ढवळता वरचं दूध चमच्यात घेऊन फॅट सांगावं, तसं केलं मी. हाताखालच्या मुलीने हे केलं असतं तर तिला दिवसभर सोडलं नसतं.

माझ्या बाजूचा अर्धा माथा डोक्यापेक्षा खाली आला. पलीकडचा अर्धा पडद्यासारखा तसाच उभा. पलीकडून पाहिलं तर काहीच झालेलं नाही.

जाड दांड्यांना करवत हवी. यांना विचारलं. खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"करवत दादाकडं आहे," म्हणाले.

दादाकडे. मी दुरुस्त केलं नाही.

उद्या जावंच लागेल. परवा पंचमी, त्या दिवशी काही कापायचं-चिरायचं नाही. बुधवारी गवंडी.

२८ जुलै, सोमवार

आज पंचमीच्या आदल्या दिवसाचा भावाचा उपवास. सकाळी माझ्या भावाला, शिवप्रसादला, रेणापूरला फोन केला. तो म्हणाला, तू उपवास करतेस आणि माझंच वजन वाढतं.

साडी नेसून, केस बांधून, रस्त्याने फिरून जाऊबाईंच्या फाटकातून आत गेले. पहिल्यांदा दिसलं की त्यांच्या अंगणात ऊन येत नाही. आमच्या मेंदीची सावली थेट उंबऱ्यापर्यंत. फरशीवर शेवाळ धरलं आहे.

त्या मेंदीपाशी बसल्या होत्या. कालच्या छाटलेल्या फांद्या काही तिकडेही पडल्या होत्या, त्यांची कोवळी पानं सुपात ओरबाडत होत्या.

"ये प्रयाग," म्हणाल्या, जशी मी कालच येऊन गेले होते. "काल काय विमान उतरवलंस का?"

"मशीन आहे. करवत पाहिजे."

"मशीन आसून करवत?"

"दांडे जाड झाले."

"होनारच. दीड वर्सं झालं." पानं ओरबाडणं थांबलं नाही. "मी म्हनलं, चांगलंय. सकाळी उठून विधवा बाईचं तोंड दिसू नये म्हनून वाढवली आसल."

मला राग आला. मी म्हणाले, "बाई, माझ्याबद्दल असं तुम्हाला वाटलं?"

"तुझ्याबद्दल न्हाई. तुला येळ कुठंय असं मनात आणायला. नरसिंगबद्दल म्हनते. ह्या हातची भाकर खाल्लीय त्यानं. भाऊ गेला आन् मेंदीपाशी यायचं सोडलं. मी रोज सकाळी बघायची, कातरीचा आवाज येतो का."

"त्यांचा खांदा दुखतो."

पानं ओरबाडणं थांबलं. सूप मांडीवरून खाली ठेवलं. "खांदा," म्हणाल्या.

"एक्स-रेमध्ये काही नाही. गोळ्या चालू आहेत. कातर म्हटली की दुखतो, बादलीला दुखत नाही. डॉक्टरांनाही कळत नाही."

"तुला बी कळत न्हाई?"

"मी काय डॉक्टर आहे?"

त्या उठल्या. आतून करवत आणली. मुठीला दादांनी गुंडाळलेली सायकलची ट्यूब तशीच. ती माझ्या हातात दिली, मग म्हणाल्या, "पन आज कापू नको."

"उद्या कापता येत नाही. परवा तुमचा गवंडी."

"आत नागोबा हाय. सकाळी दिसला. काळा. असा फडा काढून." हाताने दाखवला. "उद्या पंचमी आन् आज त्येच्या घरावर मशीन फिरवतीस?"

"जूनमध्ये तर धामण होती. पिवळी."

"मग? त्येला पाव्हना येऊ नये?"

मी वाकून बुंध्यात पाहिलं. काही नव्हतं. कात नाही, बीळ नाही, एक बेडूक. मला हे सगळं थोतांड वाटतं. तरी मशीन बाहेर काढलं नाही. का काढलं नाही, याचं मला पटेल असं उत्तर माझ्याजवळ नाही. शब्द मी दिला होता, पंचमीपर्यंत. तो आता पाळला जाणार नाही.

घरी येऊन यांच्या पुढ्यात करवत ठेवली आणि जाऊबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं, विधवेच्या तोंडाचंसुद्धा. मी काही गाळत नाही. यांनी करवत उचलली. पुसली. दात एकेक बघितले. तेल लावलं. मग मांडीवर घेऊन बसून राहिले.

यांनी आज दिवसभर काही खाल्लं नाही. पोट बरं नाही म्हणाले. माझ्या उपवासाची भगर दिली, तीही नको. संध्याकाळी फिरायला जातो म्हणून निघाले, दिवेलागणीनंतर आले. चपला मात्र दाराशीच होत्या. ओल्या रस्त्याने अनवाणी फिरायचं हे वय नव्हे. पायाला मेंदीची पानं चिकटली होती. डोळे लाल. सर्दीची गोळी दिली.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

सकाळी मेंदीच्या पलीकडून हाक आली. "प्रयाग, हात कर." दीड वर्षाने. मी फांद्या बाजूला केल्या, झाकलेली ताटली आली. पुरणाची दिंडं, वर तूप. सोबत लाह्या.

"हे नरसिंगला दे पहिलं. कालचा उपास सोडू दे म्हणावं."

यांचा उपवास नव्हता, पोट बिघडलं होतं, हे मी सांगायला हवं होतं. पुरुष माणूस भावाचा उपवास कधी करतो? पण ताटली गरम होती म्हणून आधी आत नेली. यांनी चारही दिंडं खाल्ली. बिघडलेल्या पोटावर.

दुपारी जाऊबाईंनी मला बोलावलं. कालची पानं वाटून ठेवली होती. गल्लीतल्या दोन मुली येऊन हात रंगवून गेल्या, मग माझे हात घेतले. मी म्हणाले, या वयात काय. म्हणाल्या, गप बस, मशीनवाली. काडीने नक्षी काढायला त्यांना जमत नाही. तळव्यावर एक मोठा गोल आणि बोटांना टोप्या, तीस वर्षं तेच.

झाल्यावर वाटीत थोडी उरली. मी म्हणाले, तुमचा हात पुढे करा.

"मला कशाला गं."

"हात पुढे करा."

मी डेअरीत पोरींना ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात सांगितलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला. उरलेली सगळी लावली. माझेही हात भरलेले, त्यामुळे गोल कसला, नुसता लपका झाला. त्या हात उताणा धरून बसल्या, पावसात धरावा तसा.

संध्याकाळी सत्यमचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. जाऊबाईंचा एकच हात मोकळा, त्यांनी बोटाने फोन स्पीकरवर टाकला.

"आई, गवंडी सकाळी येतोय."

"नको लावू. हितं नागोबा राहतो. श्रावणात त्येचं घर खांदायचं न्हाई."

"पन आई, सापासाठीच तर भिंत घालू म्हनलीस."

"तवा धामण होती," त्या म्हणाल्या.

सत्यमने आधी नांदेडचा पाऊस सांगितला. मग म्हणाला, "मग श्रावण झाल्यावर?"

"मग गणपती हायेत. मग पित्रांचे महाळ. गवंड्याला दुसरीकडं काम बघ म्हनावं."

सापाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून नाही आणि त्या दोन वेळा दोन वर्णनं देतात, हे मी जाणते. पण एका अंधश्रद्धेने माझी मेंदी वाचत असेल तर तिच्याशी वाद घालायला मी आजचा दिवस निवडणार नाही.

३१ जुलै, गुरुवार

काल पाऊस. आज उघडीप.

सकाळी मशीन भरून फाटकाकडे निघाले तर हे अंगणात. लुंगी वर खोचलेली, हातात करवत. मी म्हणाले, खांदा? म्हणाले, बघू.

यांनी आमच्या बाजूने जाड दांडे करवतीने कापले, सगळे, फाटकापासून मोरीपर्यंत. मी पलीकडे जाऊन चोवीस इंची पात्याने उरलेला अर्धा माथा आणि ती कड घेतली. मधल्या फांद्या पडल्या तसं आधी यांचं टक्कल दिसलं, मग चष्मा, मग सगळे. तीस इंची घेतलं असतं तर मी आमच्याच अंगणात राहिले असते आणि हे मागच्या खोलीत. निवड बरोबर होती. बसवराजांना कळवायला हवं.

जाऊबाईंच्या फरशीवर ऊन आलं. त्यांनी लगेच त्यावर शेवया वाळत घातल्या.

दोरीवरून मात्र वाद झाला. मी उंची साडेतीन फूट सांगितली होती, टेपने मोजून खुणाही केल्या होत्या. यांनी इकडचं टोक बांधलं, तिकडचं जाऊबाईंनी धरलं, आणि मोजलं तर दोरी चार फुटांच्याही वर. मी म्हणाले, चुकलं, खाली घ्या. हे म्हणाले, राहू दे. मी म्हणाले, मला एवढ्या उंचीवर कोपर टेकवता येणार नाही, तुम्हालाही नाही.

"दादाला येत होतं," हे म्हणाले.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या दोरी धरून उभ्या होत्या, तळहात अजून लाल. त्यांनी दोरी तसूभरही खाली घेतली नाही. दोन मतं विरुद्ध एक. मी मशीन सुरू केलं आणि दोरीवर कापलं. एकसारखं आलं, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

काम झाल्यावर मी पातं पुसत होते. हे मेंदीपाशी उभे, पलीकडे जाऊबाई. यांनी कोपर वर उचलून माथ्यावर टेकवलं. उंच पडतं, खांदा कानाशी जातो. पण बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि दोघे वर्कशॉपमधल्या कुणाच्या तरी सायकलची जुनी गोष्ट काढून हसत होते.

खांदा दुखला नाही. संध्याकाळी मुद्दाम विचारलं, अजिबात नाही म्हणाले. त्या गोळ्या दीड वर्षाने लागू पडतात की काय, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारायचं.

पंधरा दिवसांनी पुन्हा छाटणी. पात्याला तेल लावून ठेवलं आहे.